तात्यांचं बोट आणि नंदाची पिल्लं

माझ्याकडे बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा आहे. शर्टांची तुटलेली बटणं मी त्यात टाकते. मुद्दाम म्हणून एकही बटण कधी जमवलं नाही, तरी डबा काठोकाठ भरलाय. आणि गंमत अशी की कुठलंही बटण उचला, ते कुणाच्या शर्टाचं हे मला बरोब्बर आठवतं. शर्ट बिचारा कधीच पायपुसणं होऊन गेलेला असतो. किस्स्यांचं तसंच असतं बघा. माणसं जातात, खोल्या विकल्या जातात, आणि डब्यात हात घातला की बटण हाताला लागतं.

त्यातली परबांची बटणं आज काढते.

गोरेगाव पूर्वेला आमची तीन मजल्यांची बिल्डिंग होती. मध्ये चौक, चौकाभोवती गॅलऱ्या. दुसऱ्या मजल्यावर आम्ही, आणि आमच्या भिंतीला भिंत लावून तात्या परब. तात्या मूळचे मालवणकडचे. तीस वर्षं परळच्या एका गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर, विणकर होते. बायको लवकर गेली. मागे एकच मुलगी, नंदा. तिला तात्यांनी एकट्याने वाढवलं आणि शिकवलं. एवढं शिकवलं की शेवटी ती काय शिकते ते त्यांना कुणाला सांगता येईना.

मी जुनी सातवी. पण शेजारी काय चाललंय हे कळायला डिग्री लागत नाही. दार उघडं लागतं. आणि परबांचं दार कायम उघडं.

* * *

नंदाला पीएचडी मिळाली तेव्हा तात्यांनी हौसेने दारावर पाटी लावली. ‘डॉ. नंदा परब.’ पितळेची, रोज घासलेली.

दुसऱ्या दिवसापासून दारात रांग. कुणाला खोकला, कुणाची कंबर धरलेली. नंदा प्रत्येकाला समजावून सांगायची की मी औषधाची डॉक्टर नाही, मी कानाच्या आतल्या भागावर संशोधन करते. मोठ्या आवाजाने हळूहळू जाणारे कान परत येऊ शकतात का, हे आमच्या लॅबमध्ये शोधतात आणि त्यासाठी आम्ही कोंबडीची पिल्लं वापरतो. लोक मान हलवायचे आणि विचारायचे, बरं, मग खोकल्याला काय घेऊ?

कंटाळून तिने ही समजूत घालायची जबाबदारी तात्यांवर टाकली. तात्यांनी एका वाक्यात काम केलं. चौकात उभं राहून त्यांनी जाहीर करून टाकलं की आमची नंदा कोंबड्यांची डॉक्टर आहे.

रांग बंद झाली. आठ दिवस शांततेत गेले. नवव्या दिवशी सकाळी मागच्या वस्तीतला एक माणूस काखेत आजारी कोंबडा घेऊन दारात हजर. नंदाने कपाळावर हात मारला. पण कोंबडा खरंच मलूल दिसत होता, म्हणून तिने त्याला पाणी पाजलं, सावलीत ठेवायला सांगितलं, आणि दोन दिवसांनी तो टुणटुणीत झाला.

पीएचडीनंतरची तिची पहिली यशस्वी केस. तात्यांनी त्या दिवशी पाटी दोनदा घासली.

* * *

तात्यांचे कान मागांनी खाल्ले होते. साचेखात्यात शेकडो माग एकदम धडधडतात, तिथे शेजारच्याच्या कानात ओरडलं तरी ऐकू जात नाही. म्हणून विणकर बोलायचे ते नुसते ओठांनी. आवाज काढायचाच नाही. समोरचा वीस माग पलीकडे उभा असला तरी त्याला ओठ दिसले की बास. आणि निरोप पोचला हे सांगायला एक बोट वर करायचं. एक बोट म्हणजे पोचलं.

ती सवय तात्यांनी घरी आणली होती. मी गॅलरीतून चहा टाकलाय म्हणायचे, खाली चौकातल्या बाकावरून तात्यांचं बोट वर. मला वाटायचं, माझा आवाज खणखणीत आहे म्हणून त्यांना ऐकू जातो.

एक दिवस मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. पलीकडच्या खोलीतल्या बाईला मी अगदी कुजबुजत सांगितलं की नंदाने तिशी ओलांडली, पण तात्या काही मनावर घेत नाहीत, पोरीचं लग्न राहिलं ते यांच्या आळसाने. तात्या खाली बाकावर बसले होते, चांगली पन्नास पावलं लांब. त्यांनी शांतपणे एक बोट वर केलं.

मग म्हणाले, “बघतंय, वयनी. तुझ्या नजरेत कोण आसलो तर सांग.”

माझ्या हातातली उशीची खोळ खाली चौकात पडली. मला तेव्हा कळलं की गेली बारा वर्षं आख्ख्या बिल्डिंगची गुपितं एकाच माणसाला माहीत होती, आणि तो बहिरा होता. त्या दिवसापासून मी चुगली करताना तोंडावर पदर घेते. अजूनही. समोरच्याला वाटतं, किती मर्यादशील बाई.

* * *

पण ओठ दिसणं वेगळं आणि आवाज येणं वेगळं. तात्यांचे कान एकदम गेले नाहीत. एकेक आवाज पाटी पुसल्यासारखा पुसत गेला. आधी रातकिडे गेले. मग चिमण्या. मग कुकरची शिट्टी. नंदा म्हणायची, बारीक आवाज आधी जातात आणि जाड आवाज शेवटी. म्हणून रस्त्यावरचा ट्रक त्यांना ऐकू यायचा, आमच्या ह्यांचं खाकरणं ऐकू यायचं.

नंदाचा आवाज बारीक. अगदी पहिल्यापासून, शाळेतल्या पोरीसारखा.

नंदा चौथीत असल्यापासून एक रिवाज होता. तात्या पाळी संपवून आले की ती त्यांना वाचून दाखवायची. आधी शाळेचं पुस्तक, पुढे पेपर. तात्यांना अक्षर लावायला वेळ लागायचा, त्यांना नंदाचं वाचणंच आवडायचं. नंदा नोकरीला लागली तरी रिवाज मोडला नाही. फक्त एक बदल झाला. सगळे लोक पेपर तोंडासमोर धरतात ना, नंदा तो मांडीवर धरायची. एक ओळ खाली बघून वाचायची, मग मान वर करून तात्यांकडे बघत बोलायची. पुन्हा एक ओळ.

मी एकदा भोचकपणे विचारलं की तिचा आवाज तुम्हाला शेवटचा कधी आला होता. तात्या बराच वेळ बोटांवर काहीतरी मोजत बसले.

म्हणाले, “ती कॉलेजात गेली ना, त्या वर्साक.”

नंदा स्टोव्हला पंप मारत होती. पाठमोरी. पंप मारायची थांबली, आणि परत मारायला लागली.

* * *

एकदा नंदाच्या संस्थेत रंगकाम निघालं. वासाने पिल्लं मरतील म्हणून ती सहा पिल्लं खोक्यातून घरी घेऊन आली, पंधरा दिवसांसाठी. खोक्यात चाळीसचा बल्ब लावला. तिघांच्या पायाला हिरवा दोरा, तिघांच्या पायाला लाल. हिरवी पिल्लं लॅबमध्ये मोठ्या आवाजात ठेवून बहिरी झालेली होती आणि लाल धडधाकट.

मला दया आली हो. मी तिला बोलले पण. तेव्हा तिने मला खाली बसवून सगळं सांगितलं. कानाच्या आत केसांसारख्या बारीक बारीक पेशी असतात. मोठ्या आवाजात वर्षानुवर्षं राहिलं की त्या झडतात. माणसाची एकदा झडली की संपलं. पण कोंबडीची परत उगवते, हे परदेशात काही लोकांना दिसलं होतं, आणि तेच नंदाची लॅब इथे पडताळून बघत होती. कोंबडीला जमतं ते माणसाला का जमत नाही, एवढंच मला शोधायचंय, म्हणाली.

आमचे हे टेलिफोन खात्यात लाइनमन. डोक्यावर पंचविशीपासून तुळतुळीत. ते डोक्यावरून हात फिरवत म्हणाले, “म्हणजे आपल्यापेक्षा कोंबडी बरी.”

खोकं आमच्या खोलीत ठेवून नंदाने मला नोकरीच दिली. रोज सकाळी सात वाजता स्टीलची थाळी पळीने एकदा वाजवायची आणि कुठलं पिल्लू चिवचिव थांबवून मान वर करतं ते वहीत लिहायचं. एकच नियम तिने तीनतीनदा बजावला. थाळी वाजवणारा पिल्लांना दिसता कामा नये.

“तू दिसलीस ना काकी, तर ती डोळ्यांनी दचकतील. आपल्याला कान बघायचेत.”

म्हणून मी पडद्यामागे उभी राहून थाळी वाजवायचे. पहिले काही दिवस लाल पिल्लं चपापायची आणि हिरवी आपली दाणे टिपत राहायची. अकराव्या दिवशी मी पळी मारली आणि एका हिरव्या पिल्लाने मान वर केली. मला वाटलं, योगायोग. बाराव्या दिवशी दोघांनी. तेराव्या दिवशी तिघंही गप्प झाली आणि सहाच्या सहा माना पडद्याकडे.

मी वही टाकून धावत परबांच्या खोलीत गेले. नंदा आंघोळीला गेली होती. तात्यांनाच सांगितलं, ओठ मोठे करून. ते उठले आणि खोक्यापाशी जाऊन बसले. लॅबला जायच्या वेळी नंदा बघते तर वडील हिरव्या दोऱ्याचं पिल्लू तळहातावर घेऊन त्याच्या कानाच्या जागी फुंकर घालून बघतायत.

* * *

नंदाला पिल्लांसाठी गोंगाट हवा असायचा. एकदा तिने एका चालू असलेल्या गिरणीत जाऊन साचेखात्याचा आवाज टेप करून आणला. रविवारी दुपारी आवाज कसा आलाय बघावं म्हणून तिने घरी टेप लावली आणि मोठी केली.

ही संपानंतरची गोष्ट. आमच्या बिल्डिंगमधले निम्मे पुरुष गिरण्यांमधून घरी बसलेले. कुणी वॉचमन झालेला, कुणी भाजी विकत होता. त्या आवाजाने एकेक दार उघडलं. बनियनवर, अर्धवट झोपेत, माणसं गॅलरीत येऊन उभी राहिली. तळमजल्यावरचे एक म्हातारे आत जाऊन टोपी घालून आले.

तात्यांना त्या टेपमधलं काही ऐकू येत नव्हतं. ही सगळी का जमली म्हणून ते बघायला आले. नंदाने टेपकडे बोट दाखवलं. त्यांनी टेपच्या स्पीकरवर तळहात ठेवला, नाडी बघतात तसा. डोळे बारीक केले.

“ह्यातल्या एका साच्याचो धोटो सैल आसा,” ते म्हणाले. “त्येंका सांग. नायतर कापड फुकट जाईत.”

नंदाने दुसऱ्या दिवशी खरंच गिरणीत फोन केला. तिथल्या जॉबरने, म्हणजे खात्याच्या मुकादमाने, तपासून सांगितलं की हो, एका मागाचा आडवा दोरा नेणारा धोटा सैल आहे. मग त्याने विचारलं की बाई, तुम्हाला हे कळलं कसं. नंदा म्हणाली, आमच्या लॅबमध्ये फार भारी मशीन आहे.

* * *

सहा पिल्लांपैकी पाच परत गेली. एक हिरवं पिल्लू तात्यांनी दिलंच नाही. लॅबमध्ये काय सांगायचं ते तू बघ, म्हणाले. त्याचा यथावकाश कोंबडा झाला आणि पहाटे पाचला असा आरवायला लागला की समोरच्या बिल्डिंगमधले लोक उठून गाडी पकडायचे.

सोसायटीच्या सेक्रेटरींनी सह्यांचा अर्ज काढला. माझीही सही होती, खोटं कशाला बोलू. सात-आठ जण अर्ज घेऊन तात्यांकडे गेले आणि म्हणाले की या आवाजाने कुणालाही झोप लागत नाही.

तात्यांनी अर्ज हातात घेतला. सगळ्यांच्या ओठांकडे नीट बघून घेतलं.

“माका तर काय त्रास नाय,” म्हणाले, आणि अर्ज कोंबड्याखाली अंथरला.

* * *

आता जरा अवघड बटण.

नंदाच्या सरांनी, म्हणजे लॅबच्या प्रमुखांनी, माणसांवर एक गोळी वापरून बघायचं ठरवलं. झडलेल्या पेशींना त्या गोळीने काही पालवी फुटते का, ते बघायला. बारा जुने गिरणी कामगार घ्यायचे, आधी कान तपासायचे, तीन महिने गोळी द्यायची आणि परत तपासायचे. तात्यांचं नाव घालू नका असं नंदाने सांगितलं होतं. पण बारावा माणूस मिळेना आणि तात्या नवा सदरा घालून तयारच बसलेले.

गोळी ते प्रसादासारखी घ्यायचे. हात धुऊन, दोन्ही हातांची ओंजळ करून.

तीन महिन्यांनी शेवटची टेस्ट होती, तेव्हा मी सोबत म्हणून गेले. कुणी बोलावलं नव्हतं. तिथे काचेची खिडकी असलेली एक छोटी खोली होती. माणसाला आत बसवायचं, कानाला हेडफोन लावायचे, बाहेरून बटण दाबून बारीक-जाड आवाज सोडायचे. ऐकू आलं की बोट वर करा, एवढंच सांगायचं. टेस्ट घेणारा माणूस त्या दिवशी आला नव्हता. सर म्हणाले, नंदा, तूच घे.

तात्या आत बसले. नंदा बटण दाबायची, तात्यांचं बोट वर. बटण, बोट. बटण, बोट. मशीनवरचा आवाज ती कमी कमी करत गेली, तरी बोट वर. कागदावर टिंबं काढता काढता तिच्या डोळ्यांतलं पाणी त्यावर पडलं.

बाकी अकरा जणांना काडीचा फरक नव्हता. एकट्या तात्यांचे कान परत आले होते. सरांनी तिची पाठ थोपटली. बिल्डिंगमध्ये पेढे वाटले, कोंबड्यालासुद्धा एक.

मला मात्र पेढा गिळवेना. कारण मी नंदाच्या मागेच उभी होते आणि मला एक गोष्ट दिसली होती. बटण दाबताना दर वेळी नंदा श्वास धरून भुवया उचलत होती. आणि तात्यांचे डोळे काचेतून तिच्या तोंडावर खिळलेले. ज्या मुलीने मला पिल्लांसमोर उभं राहू दिलं नाही, ती स्वतः बापाच्या समोर उभी होती.

दोन दिवस मी गप्प बसले. माझ्यासाठी तो विक्रमच. बोलले तर त्या दोघांचा आनंद मी मोडणार. नाही बोलले तर उद्या त्या गोळीवर भरवसा ठेवून आणखी किती तात्या ओंजळ करणार. तिसऱ्या दिवशी तात्या भिंतीकडे तोंड करून विळीला धार लावत होते. मी हळूच मागे गेले आणि तीच स्टीलची थाळी त्याच पळीने वाजवली. अख्खी बिल्डिंग गॅलरीत आली. तात्या धार लावत राहिले.

संध्याकाळी मी नंदाला जिन्यात गाठलं आणि सगळं सांगितलं. ती पायरीवर बसली. मला वाटलं, चिडेल. तिने एवढंच विचारलं की काकी, तुझ्याकडे जाड चादर आहे का.

दुसऱ्या दिवशी माझी सोलापुरी चादर त्या काचेवर लागली. नंदाने एकेक बटण दाबून परत तेच हळू आवाज सोडले. मी चादरीच्या कडेने बघत होते. तात्यांचं बोट मांडीवर होतं आणि मांडीवरच राहिलं. चादर काढली तेव्हा ते आमची तोंडं बघून गोंधळले. नंदाने त्यांना सगळं समजावलं. मग विचारलं, ऐकू येत नव्हतं तर बोट का वर करत होतात?

तात्यांना प्रश्नच कळला नाही. ते माझ्याकडे वळले, मीच काय ती शहाणी असल्यासारखे.

“तिना हाक मारल्यान, मी ओ दिलंय,” ते म्हणाले. “साचेखात्यात असाच करतत. ह्यात खोटा काय आसा, वयनी?”

नंदाने कागदावरची सगळी टिंबं खोडली. सर म्हणाले की घाई करू नकोस, पुढच्या महिन्यात पुन्हा बघू. ती म्हणाली, चादर लावून बघितलंय, सर. बारापैकी कुणालाच फरक नाही, असं तिने लिहून दिलं.

त्या संध्याकाळी तिने पेपर वाचून दाखवला नाही. तात्या तिच्यासमोर येऊन बसले. मग त्यांनी स्वतःच पेपर उचलला, मांडीवर ठेवला आणि अक्षर अक्षर लावत तिला वाचून दाखवायला लागले. एक ओळ खाली बघून, एक ओळ तिच्याकडे बघून.

* * *

पुढच्या वर्षी नंदाला दोन वर्षांसाठी परदेशातल्या एका लॅबमध्ये बोलावणं आलं. तिथे हेच पिल्लांचं काम मोठं चाललं होतं. ती नको म्हणत होती. तात्यांचं कसं होणार? तात्यांनी तिची बॅग स्वतः भरली, वर माझी ती सोलापुरी चादर कोंबली आणि म्हणाले, “कोंबड्याक परत ऐकाक येता, माका नाय. जा, ह्या कशामुळे तां इचारून ये.”

अख्ख्या मजल्यावर फोन आमच्याचकडे, ह्यांच्या खात्याच्या कृपेने. दर पंधरा दिवसांनी रविवारी सकाळी नऊला नंदाचा फोन यायचा. पण तात्यांना फोनवर काय ऐकू येणार? मग आम्ही एक युक्ती काढली. रिसीव्हर मी कानाला लावायचा, नंदा बोलेल ते तात्यांकडे तोंड करून नुसतं ओठांनी बोलायचं, साचेखात्यासारखं. तात्या बोट वर करायचे, मग जे बोलायचं ते मोठ्याने रिसीव्हरकडे तोंड करून बोलायचे.

आता इतकी वर्षं मी लोकांचं बोलणं चोरून ऐकत होते, पहिल्यांदाच कुणी मला ते हक्काने ऐकायला लावलं. मी मधे मधे माझ्या पदरची वाक्यं घालायचे. एकदा नंदाचं बोलून झाल्यावर मी ओठांनी जोडून दिलं की तात्या, जपून राहा, मासे कमी खा.

तात्यांनी बोट वर केलं नाही. “ह्या नंदाचा नाय,” म्हणाले. “मासे कमी खा असा नंदा जन्मात सांगूची नाय. ह्या तुझा.”

तिकडे नंदा पोट धरून हसत होती. ते हसणं काही मला ओठांनी सांगता आलं नाही. तात्या विचारत राहिले, काय म्हणता, काय म्हणता.

असं वर्ष गेलं. तात्यांचे राहिलेसाहिले आवाजही गेले. ट्रक गेला, ह्यांचं खाकरणं गेलं. कोंबडा पायाशी येऊन आरवला तरी समजेना, गळा फुगलेला दिसला तर समजायचं.

आणि मग तो रविवार. नऊ वाजता घंटी वाजली. मी नेहमीसारखी रिसीव्हर उचलून तात्यांसमोर बसणार, तेवढ्यात नंदा म्हणाली, “काकी, आज तू मधे नको. रिसीव्हर त्यांच्या कानाला लाव, आणि तू त्यांच्या मागे जाऊन उभी राहा. त्यांना दिसता कामा नये.”

का, हे विचारायला माझी जीभ शिवशिवली. पण मी तात्यांना भिंतीकडे तोंड करून स्टुलावर बसवलं, रिसीव्हर हातात दिला आणि मागे जाऊन उभी राहिले. ह्यांनाही दाराबाहेर काढलं. समोर नुसती भिंत. काच नाही, आरसा नाही, कॅलेंडरसुद्धा दुसऱ्या भिंतीवर. मी जरा वाकून बघितलं तर तात्यांनी डोळे मिटून घेतले होते.

आमच्या फोनवरून झालेलं बोलणं मला माहीत नाही, असा तो आयुष्यातला एकच फोन.

तात्या बसून राहिले. खाली चौकात कुणीतरी बादली भरत होतं, तिचा आवाज बदलत बदलत काठापर्यंत आला. तात्यांची मान थोडी कलली, रिसीव्हरच्या बाजूला. मग मांडीवरचा उजवा हात हळूहळू उचलला गेला आणि एक बोट वर झालं.

ते तसंच धरून त्यांनी दुसऱ्या हाताने, मागे न बघता, रिसीव्हर मला दिला. मी तो कानाला लावला. माझा श्वास ऐकून नंदाला कळलं असावं की मी आहे.

“त्यांनी काही केलं का, काकी?”

“बोट वर केलं,” मी म्हटलं. “डोळे मिटून. तू बोललीस तरी काय एवढं?”

तिकडे रिसीव्हर या कानावरून त्या कानावर गेल्याची खरखर आली.

“काकी,” नंदा म्हणाली, “मी अजून तोंडच उघडलं नव्हतं.”